तापानंतरची केसगळती : वाचकांचे प्रश्न, वैद्यांची उत्तरे

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेंग्यू, टायफॉइड आणि चिकुनगुनियाने दवाखाने भरतात आणि दिवाळी सरता सरता या सदराच्या टपालात केसगळतीची पत्रे वाढू लागतात. हा क्रम इतका ठरलेला आहे की, ताप कोणत्या महिन्यात आला असेल याचा अंदाज मी पत्र उघडण्याआधीच बांधून पाहते आणि तो बहुधा खरा ठरतो. या वेळी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्याचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांच्या शंकांचे मूळही त्यातच आहे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून शाळेत शिक्षिका आहे. गणपतीच्या आधी मला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स चाळीस हजारांपर्यंत उतरल्या आणि पाच दिवस रुग्णालयात राहावे लागले. ताप गेला, अंगदुखी गेली. पण गेल्या तीन आठवड्यांपासून केस अक्षरशः मुठीने हातात येत आहेत. न्हाणीघराची जाळी रोज तुंबते. वजन सहा किलोने उतरून ४८ किलो झाले आहे. पचन बिघडू नये म्हणून सासूबाई मला अजून पेज, पातळ खिचडी आणि फळेच देतात. डाळ, अंडी, शेंगदाणे 'उष्ण पडतील' म्हणून बंद आहेत. कांद्याचा रस लावून पाहिला, जाहिरातीतले एक तेल आणले, बायोटिनच्या गोळ्याही चालू आहेत. मला टक्कल पडेल का? कोणते तेल लावावे? गुळवेलीचा काढा घ्यावा का?

उत्तर : आपल्याला टक्कल पडणार नाही, हे आधी सांगते. आज आपल्या कंगव्यात येणारा केस आज सुटलेला नाही. त्याचा निकाल ऑगस्टमध्ये, ताप अंगात असतानाच लागलेला आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांपैकी ८५ ते ९० टक्के एरवी वाढीच्या अवस्थेत असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच कूपातून पुढचा केस वर येतो. सगळ्यांचे वेळापत्रक वेगवेगळे असल्यामुळे रोजचे पन्नास ते शंभर केस गेले तरी आपल्याला जाणवत नाही. तीव्र ताप आला, शस्त्रक्रिया झाली किंवा प्रसूती झाली की शरीर खर्च आवरते घेते, वाढणाऱ्या केसांपैकी पुष्कळसे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. त्वचारोगतज्ज्ञ याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. या काळात दिवसाला दोनशे-तीनशे केसही जाऊ शकतात.

पांढऱ्या रुमालावर गळलेला एक केस ठेवून उजेडात पाहा. त्याच्या टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक अशी पांढरी गाठ दिसेल. ती पाहून 'केस मुळासकट निघाला' असे वाटते आणि पोटात गोळा येतो, पण ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. विश्रांतीत गेलेल्या केसाचे टोक असेच असते. केस उगवतो तो कूप त्वचेत जागच्या जागी असतो आणि बहुतेक वेळा खालून येणाऱ्या नव्या केसाने जुन्याला वर ढकललेले असते. कपाळाच्या कडेला, कानांच्या वर, बोटाच्या पेराएवढे ताठ उभे राहणारे आखूड केस दिसू लागले असतील, तर ते तुटलेले केस नाहीत. नव्या केसांचे टोक निमुळते असते, तुटलेल्याचे बोथट.

आता आयुर्वेदाच्या बाजूने पाहू. चरकाने केस आणि लोम यांना अस्थिधातूचा मल म्हटले आहे. 'मल' या शब्दाने दचकू नका. धातू तयार होताना जो शेष भाग उरतो, तो मल. अन्नापासून रस, रसापासून रक्त, मग मांस, मेद आणि अस्थी अशी ही पोषणाची वाट आहे, आणि केस या वाटेवर फार पुढे, जवळपास शेवटच्या बाकावर बसलेले आहेत. ज्वराची संप्राप्ती, म्हणजे ताप कसा घडतो ते, सांगताना चरक म्हणतो की, आमाशयात शिरलेले दोष (बिघडलेले वात, पित्त, कफ) जाठराग्नीला, म्हणजे पचनाच्या अग्नीला, त्याच्या जागेवरून बाहेर लोटतात आणि रसवह स्रोतसे, म्हणजे रस वाहून नेणाऱ्या वाटा, अडवतात. वाटेच्या तोंडाशीच, म्हणजे अग्नी आणि रस येथेच, अडथळा आला, तर शेवटच्या बाकापर्यंत काय पोचणार?

केसगळती म्हटली की आपल्याकडे एकदम 'खालित्य', म्हणजे टक्कल, हा शब्द काढला जातो आणि त्यावरची तेले, लेप, नस्ये (नाकात घालायची औषधे) सुरू होतात. सुश्रुताने खालित्याचे वर्णन करताना दोन पायऱ्या सांगितल्या आहेत : वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडते, आणि त्यानंतर रक्तासह कफ ते रोमकूप बुजवून टाकतो, त्यामुळे दुसरा केस उगवत नाही. तापानंतरच्या केसगळतीत पहिल्या पायरीसारखे काहीतरी घडते. दुसरी पायरी घडत नाही, कूप बुजत नाहीत. म्हणून माझ्या मते आपला विकार खालित्याच्या अध्यायात शोधू नये. तो ज्वराच्या अध्यायाच्या शेवटी, ताप उतरलेल्या माणसाने कसे राहावे हे सांगितले आहे, तेथे शोधावा. हा केसांचा आजार नसून अर्धवट राहिलेले आजारपण आहे.

त्या दृष्टीने आपल्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट तेल नव्हे, पेज आहे. सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि सुरुवात त्यांनी शास्त्राला धरूनच केली. दुबळ्या अग्नीला आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग साधे आणि पुढे फोडणी दिलेले यूष (डाळीचे कढण), आणि मांसाहारी माणसाला शेवटी मांसरस, असा चढता क्रम ग्रंथांत आहे. आपल्या घरांत तोच क्रम लाह्यांची पेज, भाताची पेज, मऊ भात, मुगाचे कढण, आटवल, साधे वरण-भात या रूपात टिकून राहिला आहे. पण क्रम म्हणजे जिना. आपण पहिल्याच पायरीवर दहा आठवडे बसून राहिला आहात. रोज दोन वाट्या पेज, एक वाटी पातळ खिचडी आणि चार फळे यांतून जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. निरोगी प्रौढासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेले प्रमाण वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे ४८ किलोला किमान चाळीस ग्रॅम, आणि आजाराने घटलेले मांस भरून काढायचे असेल तर साठाच्या जवळपास. केस जवळजवळ सगळाच प्रथिनांचा बनलेला असतो. पथ्य इतके लांबले की तेच कुपथ्य होते.

भूक कशी लागते हे पाहून पुढील आठवडाभरात चढत जा. सकाळी दूध किंवा नाचणीचे सत्त्व. दोन्ही जेवणांत घट्ट वरणाची किंवा उसळीची वाटी. अंडी खात असाल तर दोन. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे गुळासह किंवा हळिवाचा एक छोटा लाडू. एका अंड्यातून सहा ग्रॅम, तीस ग्रॅम कच्च्या डाळीच्या वरणातून सुमारे सात ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, हा हिशेब स्वयंपाकघरातच करता येतो. डाळीने पोट फुगत असेल, तर मुगाच्या डाळीपासून सुरुवात करून तिला हिंग, जिरे आणि सुंठीची फोडणी द्यावी. चहा जेवणाला लागून घेऊ नका, कारण अन्नातले लोह तो शोषू देत नाही. याउलट पालेभाजीवर किंवा उसळीवर लिंबू पिळले, तर लोह अधिक शोषले जाते. हळीव मात्र गर्भवतीने टाळावेत.

चरकाने ताप गेलेल्या माणसाला अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान आणि फार हिंडणे वर्ज्य सांगितले आहे. स्नानाचा नियम आज त्या अक्षरांत पाळण्याचे कारण नाही. पण ताप उतरल्याच्या चौथ्या दिवशी दोन तास बसमध्ये उभे राहून शाळा गाठणे, घरी येऊन वह्या तपासणे आणि रात्री बारापर्यंत जागणे हा त्याच नियमाचा आजच्या काळातला भंग आहे. आपण कामावर केव्हा रुजू झालात ते लिहिले नाही, पण मला अंदाज आहे. निदान महिनाभर रात्री दहाला अंथरुणावर असा.

आता तेल. आधीच सुटलेला केस कोणतेही तेल धरून ठेवू शकत नाही, आणि हे मी आयुर्वेदाची वैद्य म्हणून सांगते आहे. डोक्याला नित्य तेल लावणाऱ्याचे केस गळत नाहीत, असे चरकाने लिहिले आहे, पण ते निरोगी माणसाच्या दिनचर्येत. अजीर्ण असताना किंवा कफ वाढलेला असताना अभ्यंग, म्हणजे तेल चोळणे, वर्ज्य आहे, हे वाग्भटाने बजावले आहे. म्हणून जिभेवर पांढरा थर, तोंडाला चव नाही, जेवल्यावर जडपणा अशी लक्षणे असतील, तर तेलाची बाटली फडताळातच राहू द्या. भूक नीट लागू लागली की आठवड्यातून दोनदा माक्याचे किंवा साधे खोबरेल तेल कोमट करून, बोटांच्या पेरांनी, न घासता लावा आणि तासाभराने धुवा. त्याने टाळूचा कोरडेपणा जातो, गुंता कमी होतो, झोप चांगली लागते. एवढे पुरे आहे. झोपेचे मोल तर केसांपेक्षाही मोठे आहे. तेल लावताना केस जास्त गळताना दिसतील, कारण जे आज-उद्या पडायचेच होते ते बोटांना लागून येतात. म्हणून अनेक जणी चांगले तेल वाईट ठरवतात. उलटही घडते : ही गळती आपोआप थांबण्याच्या सुमारास जे तेल हाताशी असते, ते चमत्कारी ठरते. जाहिरातीतल्या पुष्कळ तेलांचा लौकिक त्याच पुण्याईवर उभा आहे.

डोक्यावरून कढत पाणी घेऊ नका. गळ्याखालच्या अंगाला गरम पाणी बळ देते आणि तेच डोक्यावर घेतले तर केस आणि डोळे यांचे बळ हरते, असे वाग्भटाचे वचन आहे. कोमट पाणी, सौम्य शाम्पू किंवा शिकेकाई, आणि ओल्या केसांत कंगवा न घालणे एवढी काळजी घ्या. केस गळतील या भीतीने पंधरा-पंधरा दिवस न नाहणाऱ्या स्त्रिया मी पाहते. मग एका दिवशी पंधरा दिवसांचे केस एकदम जातात आणि रडू कोसळते.

पोटातून घ्यायचे म्हणाल, तर आवळा हे या अवस्थेत माझे पहिले औषध आहे. रोज सकाळी एक मोरावळा किंवा अर्धा चमचा आवळ्याचे चूर्ण पाण्यासोबत घ्यावे. च्यवनप्राश भूक सुधारल्यावर, एक चमचा. रसायने, म्हणजे बळ वाढवणारी औषधे, शरीर शुद्ध असतानाच लागू पडतात, हे सांगताना सुश्रुताने मळक्या कापडावर रंग चढत नाही असा दृष्टान्त दिला आहे. अग्नी मंद असताना शतावरी, अश्वगंधा आणि पौष्टिक लाडू यांचा मारा केला, तर फक्त आंबट ढेकर येतात.

गुळवेलीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. ती ज्वरावरची आणि ज्वरानंतरचीही थोर वनस्पती आहे, आणि तरीही आपल्याला मी ती स्वतःच्या मनाने घेऊ नका असेच सांगेन. डेंग्यूमध्ये यकृताला सूज येणे नेहमीचे आहे. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही म्हणून, आक्षेप घेतला. वाद कोणत्याही बाजूने सुटो, ज्याचे यकृत नुकतेच आजारातून उठले आहे त्याने आधी रक्तातील एसजीओटी, एसजीपीटी (यकृताच्या तपासण्या) तपासून घ्यावे, कुंपणावरची कोणतीही वेल गुळवेल समजून उकळू नये, आणि काढा घ्यायचाच तर वैद्याने ठरवलेल्या मात्रेत, ठरवलेल्या मुदतीपुरता घ्यावा.

कांद्याचा रस बंद करा. आजारातून उठलेल्या नाजूक टाळूला तो झोंबतो आणि या प्रकारच्या गळतीत त्याचे काही काम नाही. बायोटिनची उणीव सहसा कोणालाच नसते. शिवाय त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येतात, म्हणून तपासणीच्या आधी किमान दोन-तीन दिवस गोळ्या थांबवा आणि प्रयोगशाळेत तसे सांगा. तपासण्या मात्र जरूर करा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, ब १२ आणि ड जीवनसत्त्व. लोह कमी निघाले तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घेण्यात आयुर्वेदाचा कसलाही अपमान नाही. आमच्याही शास्त्रात पांडुरोगावर (रक्त कमी होण्यावर) लोह आणि मंडूर (लोखंडाचे जुने कीट) यांचेच कल्प दिले जातात.

गळती साधारण तीन ते सहा महिने चालते आणि मग ओसरते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी हाताला लागायला वर्ष-दीड वर्ष जाईल. तेवढ्या काळात मध्येच रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, म्हणजे ज्याला आपण चाई म्हणतो ती दिसली, टाळू लाल झाली, दुखू लागली, खपल्या धरू लागल्या किंवा सहा महिन्यांनंतरही गळतीचा जोर तसाच राहिला, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची आहे. तिला सप्टेंबरमध्ये टायफॉइड झाला होता. आजी सांगायची की 'मुदतीच्या तापात' केस जायचेच, आणि ती शेताच्या बांधावरचा माका आणून तेल करायची. आम्हाला घरी माक्याचे तेल करायचे आहे. कृती सांगाल का? आईला मधुमेह आहे, च्यवनप्राश चालेल का?

उत्तर : आपल्या आजीचे निरीक्षण अचूक होते. प्रतिजैविके येण्यापूर्वी हा ताप तीन-तीन, चार-चार आठवडे चालायचा, म्हणून तो 'मुदतीचा'. पाठ्यपुस्तकांत टायफॉइडला विषमज्वर म्हणतात, त्याने मात्र थोडा घोटाळा होतो. ग्रंथांतला विषमज्वर म्हणजे एक दिवसाआड, दोन दिवसांआड येणारा, मलेरियाच्या जवळचा ताप. कोणी जुन्या पोथीतून विषमज्वराचे औषध काढून टायफॉइडला देऊ लागला, तर हा फरक लक्षात असू द्या.

माका ओढ्याच्या, पाटाच्या किंवा भातखाचराच्या कडेला ओलाव्यात येतो. पाने खरखरीत, फूल बारीक आणि पांढरे. बागेत लावतात तो पिवळ्या फुलांचा माका वेगळा. ओळख पटवण्याची सोपी खूण म्हणजे देठ चुरडून पाहावा. खऱ्या माक्याचा रस थोड्याच वेळात काळा पडतो आणि बोटेही काळी करतो. ताजी झुडपे मुळासकट आणून तीन-चार पाण्यांतून धुवावीत, वाटून फडक्यातून रस गाळावा. तेल सिद्ध करण्याचे शार्ङ्गधर या ग्रंथकाराचे प्रमाण कल्क (वनस्पतीची वाटलेली चटणी) एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग असे आहे. म्हणजे पाव लिटर तेलाला एक लिटर रस आणि साठ ग्रॅमच्या आसपास माक्याचीच वाटलेली चटणी. तेल तिळाचे घेतात. आईंची प्रकृती उष्ण असेल, डोके आणि डोळे जळजळत असतील, तर खोबरेल घ्या.

जाड बुडाच्या पसरट पातेल्यात सगळे एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि लाकडी उलथन्याने ढवळत राहा. याला तीन-चार तास सहज लागतात. घाई करून आच वाढवली की कल्क करपतो आणि तेलाला जळका वास येतो, तो पुढे जात नाही. पाणी आटत आले की कल्क थोडा उचलून दोन बोटांत वळून पाहा. त्याची वात वळली गेली पाहिजे, बोटांना चिकटता कामा नये. ती वात आगीत धरल्यावर तडतडली तर पाणी अजून शिल्लक आहे. न तडतडता जळली तर तेल झाले. त्याच वेळी तेलावर फेस येतो. तूप सिद्ध होते तेव्हा फेस मावळतो आणि तेल सिद्ध होते तेव्हा फेस उठतो, ही खूण ग्रंथकारांनी देऊन ठेवली आहे. गरम असतानाच गाळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. पाण्याचा अंश राहिला तर महिनाभरात बुरशी धरेल.

बाजारातला च्यवनप्राश साखरेत केलेला असतो, त्यामुळे आईंना नको. आवळ्याचे चूर्ण किंवा ताजा आवळा द्या, पण मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आठवडाभर साखर मोजत राहा, कारण आजारपणात खाणे कमी झालेले असते आणि साखर अचानक उतरू शकते. टायफॉइडनंतर आतड्यांना महिनाभर जपायचे असते. तिखट, तळलेले आणि बाहेरचे पाणी टाळा. डोक्याला तेल सर्दी नसताना, दुपारच्या वेळी लावा. रात्री ओले किंवा तेलकट डोके घेऊन पंख्याखाली निजू देऊ नका.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीचे तापानंतर केस फार विरळ झाले आहेत. एकदा गोटा केला की दाट येतात, असे घरची मंडळी म्हणतात. करावा का?

उत्तर : करू नका. वस्तऱ्याने केस त्वचेच्या वर कापला जातो, कूपापर्यंत वस्तरा पोचत नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे नवा वाढलेला केस हाताला खरखरीत लागतो आणि दाट भासतो, इतकेच. नऊ वर्षांची मुलगी वर्गात काय सोसेल याचाही विचार करा. केस खांद्यापर्यंत कापून घेतले तर गुंता आणि ओढ कमी होईल आणि विरळपणा लपेल. घट्ट वेण्या काही महिने नकोत. टाळूवर गोल, खवले धरलेला, खाजणारा चट्टा असेल, तर तो गजकर्णाचा असू शकतो. लहान मुलांत हे वारंवार दिसते, त्याला पोटातून औषध द्यावे लागते आणि तेल लावल्याने निदान लांबते.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी टायफॉइड झाला, तेव्हापासून, म्हणजे जवळपास दहा महिने, केस गळत आहेत. कपाळाच्या दोन्ही बाजू मागे सरकल्या आहेत. वडिलांना टक्कल आहे. समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून सहा महिन्यांचा 'आयुर्वेदिक कोर्स' मागवला; त्यात भस्माच्या गोळ्या, एक चूर्ण आणि तेल आहे. गोळ्यांच्या डबीवर घटकांची नावे नाहीत. पुढे चालू ठेवू का?

उत्तर : गोळ्या आजच थांबवा. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली असावी लागते. ती नसेल तर ते औषध आहे असे समजायला कसलाही आधार नाही. भस्मे ही आमच्या शास्त्रातली जपून वापरायची वस्तू आहे. नीट शोधन-मारण (शुद्ध करून भस्म करणे) न झालेले शिसे किंवा पारा पोटात गेला तर मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांचे जे नुकसान होते, ते केसांच्या हिशेबात बसत नाही. गोळ्या किती दिवस घेतल्या ते लिहून काढा, डबी टाकून देऊ नका, आणि पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, हातापायांना मुंग्या किंवा सतत थकवा असेल तर डॉक्टरांना ती डबी दाखवून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या.

गळतीबद्दल बोलायचे तर, दहा महिने हा तापाचा परिणाम राहिलेला नाही. तापानंतरची गळती सगळ्या डोक्यावर सारखी होते. कपाळाचे कोपरे मागे सरकणे किंवा माथा विरळ होणे ही आनुवंशिक टकलाची चाल आहे. ते हळूहळू येतच होते, तापाने ते लवकर उघडे पाडले. आपल्या वडिलांचा तरुणपणीचा फोटो शोधा आणि आपल्या वयाच्या फोटोशी ताडून पाहा. पुष्कळदा निदान तेथेच होते. येथे मात्र सुश्रुताने वर्णिलेली दुसरी पायरी, कूप बुजण्याची, लागू पडते, आणि म्हणून वेळेला महत्त्व येते. बुजलेल्या कूपातून केस उगवल्याचे माझ्या चिकित्सेत मी पाहिलेले नाही. नस्य, शिरोभ्यंग आणि रसायने यांनी उरलेल्या केसांचा पोत सुधारतो, काहींची गळती मंदावते. अणुतेलाच्या नस्याची चरकाने केसांसाठी स्तुती केली आहे आणि मीही ते वापरते, पण सर्दी, ताप किंवा अजीर्ण नसताना, आणि पहिल्यांदा वैद्यासमोरच. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान करून घ्या. त्यांनी मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचे औषध सुचवले तर ते वापरत असतानाच आयुर्वेदिक पथ्य चालू ठेवता येते. फक्त दोन्ही ठिकाणी एकमेकांची औषधे सांगा, आणि त्याच जागी त्याच वेळी तेल चोपडू नका.

वैद्य निवडताना महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमधील नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. तो चिठ्ठीच्या कागदावर छापलेला असतो. नाडी पाहण्यापूर्वीच सहा महिन्यांच्या औषधांची पिशवी पुढे सरकवली गेली, तर ती तेथेच ठेवून उठा.